दश्शीने घर सोडलं तेव्हा
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात सुपरहिरो ऍनिमेशनवर लिहिलं होतं त्यात शेवटी एक वाक्य टाकलं होतं, की मला एकटा व्हिलन असलेल्या एपिसोडपेक्षा गँग असलेले एपिसोड जास्त आवडतात. यावेळची जवळजवळ सगळी पत्रं त्या एका वाक्यावर आली. काही चिडून, काही प्रेमाने. निवडक घेतोय, आणि काही उत्तरं लांबणार आहेत, कारण विषयच माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

प्रश्न: 'बॅटमॅन बियाँड'मधली रॉयल फ्लश गँग आणि 'जस्टिस लीग'मधली रॉयल फ्लश गँग एकच आहे का? नाव तेच, पत्त्यांचे ड्रेस तेच, पण माणसं वेगळी. एकीकडे कुणाकडेच पॉवर नाहीत आणि दुसरीकडे सगळ्यांकडे आहेत. मी दहावीत आहे, आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडण होतं.

तुमचं भांडण मिटवतो. एकच नाही. नाव एक, माणसं वेगळी.

ही गँग मुळात कॉमिक्सची. 1966 साली जस्टिस लीगच्या कॉमिकमध्ये ती पहिल्यांदा आली, गार्डनर फॉक्स आणि माइक सेकोव्स्की यांनी आणली. तेव्हा तिचा म्होरक्या होता प्रोफेसर एमॉस फॉर्च्युन. आयडिया साधी होती, पत्त्यातला रॉयल फ्लश म्हणजे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी, तर पाच चोर, पाच पत्ते. ऍनिमेशनवाल्यांनी हा नुसता सांगाडा उचलला आणि दोनदा दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही वेळा मूळ कल्पनेपेक्षा कितीतरी खोल गेले असं माझं मत आहे.

'बॅटमॅन बियाँड' (1999 ते 2001, एकूण 52 एपिसोड) मध्ये ही गँग म्हणजे चक्क एक कुटुंब आहे. राजा बाप, राणी आई, गुलाम मुलगा, दश्शी मुलगी, आणि एक्का हा एक अवाढव्य मुका रोबो. पॉवर कुणाकडेच नाहीत, सगळा खेळ हत्यारांचा आणि त्या उडत्या पत्त्यांचा. चोरी हा घरचा धंदा. जसं एखाद्या घरात मुलगी मोठी झाली की तिने दुकानात बसायचं हे कुणी तिला विचारत नाही, ठरलेलंच असतं, तसं इथे तिने दश्शीचा मुखवटा घालायचा हे ठरलेलं आहे.

ही दश्शी म्हणजे मेलानी वॉकर. पहिल्या सीझनमध्ये एका रात्री ती आणि टेरी मॅकगिनिस (म्हणजे नवा बॅटमॅन) भेटतात. टेरीचं त्याच्या गर्लफ्रेंडशी बिनसलंय कारण तो कधीच वेळेवर येत नाही, का येत नाही ते तो तिला सांगू शकत नाही, आणि समोर ही मुलगी, तीही मध्येच उठून निघून जाते, तीही कारण सांगत नाही, आणि दोघांना वाटतं की चला, कुणीतरी आपल्याला समजून घेणारं भेटलं, पण खरं कारण हे आहे की दोघंही रात्री मुखवटा घालून एकमेकांनाच मारत असतात. शेवटी पकडली गेल्यावर बॅटमॅनला कळतं की ही मेलानी आहे. तिला मात्र तो कोण ते कळत नाही. मग टेरी म्हाताऱ्या ब्रूस वेनला (म्हणजे जुन्या बॅटमॅनला) विचारतो, तुमच्या बाबतीत असं कधी झालं का, आणि ब्रूस त्याला सेलिना काइलबद्दल, म्हणजे त्याचं जिच्यावर प्रेम होतं त्या चोर कॅटवूमनबद्दल, सांगायला लागतो. तिथे एपिसोड संपतो. कॅटवूमनची अख्खी गोष्ट एका नावात आली, काही दाखवायची गरजच पडली नाही.

'जस्टिस लीग'मधली गँग वेगळी. 2003 च्या 'वाइल्ड कार्ड्स' या दोन भागांत ती येते. हे पाच जण पॉवर घेऊन जन्मलेले, सरकारी कोठडीत वाढवलेले, आणि बॅटमॅनचा कट्टर शत्रू जोकर त्यांना तिथून बाहेर काढतो. राजाकडे आग, राणीला धातूवर ताबा, गुलाम रबरासारखा ताणला जातो, दश्शी इथे एक आडदांड पुरुष आहे, आणि एक्का म्हणजे एस, एक लहान मुलगी जी माणसाच्या मेंदूत शिरून त्याला जे नाही ते दाखवते. ग्रुपमध्ये भाव खायला अजून एक देतो: या पाचांचे आवाज त्याच वर्षी सुरू झालेल्या 'टीन टायटन्स'च्या पाच हिरोंच्या आवाजवाल्यांनीच दिलेत. रॉबिनचा आवाज राजाला, रेव्हनचा राणीला, बीस्ट बॉयचा गुलामाला, सायबॉर्गचा दश्शीला आणि स्टारफायरचा एसला. डोळे मिटून ऐक एकदा.

प्रश्न: माझा नऊ वर्षांचा मुलगा सध्या सतत त्या एसची चित्रं काढतो. काळे केस, पांढरा चेहरा. बॅटमॅनचं एकही चित्र नाही. त्याला विचारलं तर म्हणतो ती वाईट नाहीये. मला काळजी वाटते की मूल व्हिलनच्या बाजूने जातंय. बघू द्यावं की बंद करावं?

ताई, बंद करू नका. तुमच्या मुलाने बरोबर ओळखलंय.

एसची गोष्ट तुम्ही स्वतः बघितली नसेल असं पत्रावरून वाटतंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. 'वाइल्ड कार्ड्स'मध्ये जोकरने लास व्हेगासमध्ये बॉम्ब पेरलेत आणि सगळा तमाशा टीव्हीवर लाइव्ह चाललाय. जस्टिस लीग, म्हणजे सुपरहिरोंची टीम, धावपळ करतेय, लोक टीव्हीला चिकटलेत. पण बॉम्ब हा नुसता बहाणा आहे. जोकरला हवेत प्रेक्षक, कारण जितके जास्त लोक बघतील तितक्या लोकांपर्यंत एस पडद्यातून पोचणार आणि त्यांची डोकी बधिर करणार. म्हणजे या सगळ्यात हत्यार कोण, तर एक मुलगी, जिला सरकारने लहानपणापासून डोक्यावर पट्टा बांधून ठेवलं कारण तिच्या ताकदीची सगळ्यांना भीती वाटायची.

आता एक सीन मुद्दाम सांगतो. शेवटी बॅटमॅन एसला मारत नाही, तिच्याशी बोलतो. जोकरच्या कोटातून काहीतरी खाली पडतं आणि ती बघते तर तोच पट्टा. ज्याने तिला कोठडीतून सोडवलं, जो तिला आपलं म्हणत होता, तो वेळ पडली तर तिला पुन्हा बांधायची तयारी खिशात घेऊन फिरत होता. ती किंचाळत नाही. फक्त जोकरकडे वळून बघते आणि पुढच्या क्षणी तो जमिनीवर पडलेला, नजर हरवलेली. मग ती निघून जाते.

मुलाला हे दिसलंय. त्याला दिसलंय की ती गँगमध्ये होती पण गँग तिची नव्हती. नऊ वर्षांच्या पोराला हे कळणं म्हणजे काळजी नाही, कौतुक करा.

आणि तिच्या गोष्टीचा पुढचा भाग त्याच्या सोबत बसून बघा. 2005 मध्ये 'जस्टिस लीग अनलिमिटेड'चा 'एपिलॉग' नावाचा एपिसोड आला. त्यात एस परत आलीय, तिने नवीन माणसांना पॉवर देऊन नवी रॉयल फ्लश गँग बनवलीय, पण ती मरायला टेकलीय आणि मरताना तिच्या ताकदीने आसपासच्या सगळ्यांचं काय होईल कुणाला माहीत नाही. सरकारी अधिकारी अमांडा वॉलर बॅटमॅनच्या हातात एक हत्यार देते, की जा आणि तिला संपव. तो जातो. एस एका झोपाळ्यावर एकटीच बसलीय. तिला माहितीये तो काय घेऊन आलाय, आणि हेही माहितीये की तो ते वापरणार नाही. ती घाबरलीय. ती त्याला विचारते की थोडा वेळ माझ्याजवळ थांबशील का. आणि बॅटमॅन, तो काळा झगा वगैरे सगळं असलेला बॅटमॅन, शेजारच्या झोपाळ्यावर बसतो.

मी हा सीन चार वेळा बघितलाय आणि चारही वेळा पुढचं दिसेनासं झालंय. त्यात मरण आहे, त्यामुळे मुलगा रडेल कदाचित, प्रश्न विचारेल. तुम्ही शेजारी असा, एवढंच. तो एपिसोड झाल्यावर बॅटमॅनचं चित्र काढतो का तेही बघा, मला वाटतं काढेल, आणि झोपाळ्यावर बसलेला काढेल.

प्रश्न: पाच जण मिळून एकाला मारतात तरी दर वेळी हिरोच जिंकतो. हे लॉजिकली पटत नाही.

हाणामारीपुरतं बोलायचं तर मलाही पटत नाही, पाच जण रांगेत उभे राहून एकेक करत मार खायला येतात हे आळशी लिखाण आहे. पण चांगल्या एपिसोडमध्ये नीट बघा, गँग बहुतेक वेळा हिरोमुळे हरतच नाही, आतून फुटते. वर एसचं सांगितलंच. मेलानीचंही तेच, ते पुढे येईलच. एकटा व्हिलन हरवायला त्याच्यापेक्षा जोरात मारावं लागतं, गँग हरवायला त्यातल्या एकाला बाहेर यावंसं वाटलं की पुरतं.

प्रश्न: जोकर तर नाहीये ना 'बॅटमॅन बियाँड'च्या काळात, मग 'जोकर्झ' ही गँग कशासाठी? नुसती पोरं तोंडं रंगवून फिरतात. मला तर फार फालतू व्हिलन वाटले. तुम्ही त्यांचं कौतुक का करता?

फालतूच आहेत हो, तीच तर त्यांची गंमत आहे.

'बॅटमॅन बियाँड'च्या काळात जोकर जाऊन कितीतरी वर्षं झालीत. या पोरांनी त्याला बघितलेलंसुद्धा नाही. त्यांना फक्त तो चेहरा माहितीये आणि ते हसणं. कॉलेज-शाळेतली, कंटाळलेली, कुठेच न बसणारी पोरं तोंडाला पांढरा रंग फासतात, बाइक घेतात, आणि अचानक लोक त्यांना घाबरायला लागतात. आधी ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याच्यासाठी ट्रेनमधला अख्खा डबा रिकामा होतो. हे पाहिजे असतं त्यांना. पैसा नंतर.

अगदी पहिलाच एपिसोड आठवा. ट्रेनमध्ये जोकर्झ लोकांना छळतायत, टेरी मध्ये पडतो, ते त्याच्या मागे लागतात आणि पाठलाग होत होत सगळे पोचतात वेन मॅन्शनच्या दारात. तिथे एक म्हातारा काठी टेकत बाहेर येतो. एकटा. त्यांना वाटतं म्हातारा आहे, हसतात. आणि मग तो काठी अशी काही फिरवतो की टेरीसुद्धा बघत राहतो. मारामारी संपल्यावर म्हाताऱ्याला छातीत त्रास होतो, टेरी त्याला आत नेतो, आणि तिथून त्याला ती गुहा सापडते. म्हणजे ही फालतू पोरं नसती तर नवा बॅटमॅनच झाला नसता.

आणि त्याच रात्री टेरी घरी पोचतो तर वडिलांचा खून झालेला, घरभर जोकर्झची खूण रंगवलेली. सगळ्यांना वाटतं जोकर्झने केलं. खरं म्हणजे ते काम डेरेक पॉवर्स या उद्योगपतीच्या माणसाचं, कारण टेरीच्या वडिलांच्या हाती कंपनीचं एक भयंकर गुपित लागलं होतं. मला ही गोष्ट फार हुशारीची वाटते. गँगचं नाव इतकं झालंय की मोठ्या माणसाने खून करायचा आणि भिंतीवर रंग मारून मोकळं व्हायचं, पोरांचं नाव आपोआप पुढे येतं, कारण पोरांवर विश्वास ठेवायला कुणी तयारच नाही.

अजून एक एपिसोड सुचवतो, 'हिडन अजेंडा'. त्यात जोकर्झच्या एका टोळीचा म्होरक्या टर्मिनल म्हणून आहे, आणि तो कोण निघतो तर टेरीच्याच शाळेतला हुशार, नीटनेटका कार्टर विल्सन. त्याच शाळेतल्या मॅक्स गिब्सनने परीक्षेत त्याला मागे टाकलं म्हणून तो तिच्या जिवावर उठतो. घरी पहिला नंबर, बाहेर रंगवलेलं तोंड. तुम्ही म्हणता 'नुसती पोरं तोंडं रंगवून फिरतात', मला वाटतं त्या रंगाखाली कोण आहे हे विचारणारा हा एक एपिसोड तुमचं मत थोडं तरी बदलेल.

2000 च्या 'रिटर्न ऑफ द जोकर' सिनेमात तर या पोरांसमोर खरा जोकर येऊन उभा राहतो. आणि काय होतं? बाँक नावाचा पोरगा जरा कुरकुर करतो तर जोकर त्याला तिथल्या तिथे मारून टाकतो. (हिंसा फार आहे म्हणून आधी कापलेली आवृत्ती निघाली, त्यात हा मृत्यू गॅसने होतो, न कापलेली 2002 मध्ये आली, त्यात तो 'बँग' लिहिलेल्या झेंड्याच्या बंदुकीने होतो.) बाकीच्यांचे चेहरे बघा त्या क्षणी. इतकी वर्षं ज्याचा मुखवटा घालून फिरलो तो आपल्याला माणूस समजतच नाही हे पहिल्यांदा कळतं त्यांना. शेवटी त्यातल्या जुळ्या बहिणींना, डी डींना, पोलिसांकडून सोडवायला त्यांची आजी येते आणि त्यांना झापते. आजीचं नाव हार्ली, म्हणजे हार्ली क्विन, एकेकाळची खुद्द जोकरची साथीदार. तिच्याइतकं या पोरींच्या बाबतीत चुकण्याची किंमत कुणाला कळणार.

प्रश्न: खऱ्या गुन्हेगारी टोळ्या असतात तशी, म्हणजे पैसा, बॉस, हप्ता असली गँग कुठल्या सिरीजमध्ये चांगली दाखवलीय? रंगीत ड्रेसवाली नको.

दोन सांगतो.

एक, 'द स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन' (2008-09, फक्त 26 एपिसोड, लवकर बंद झाली याचं मला अजून वाईट वाटतं). त्यात टूमस्टोन हा बाहेर दानशूर उद्योगपती आणि आत न्यूयॉर्कच्या गुन्हेगारीचा मालक, 'बिग मॅन'. तो स्पायडर-मॅनला सरळ पैसे देऊ करतो, की किरकोळ चोऱ्यांकडे दुर्लक्ष कर. स्पायडी नाही म्हणतो. त्याआधीपासूनच टूमस्टोनने व्यापाऱ्यासारखा विचार केलेला असतो: हा पोरगा माझा धंदा बुडवतोय, तर याला दुसरीकडे बिझी ठेवायचं. आणि साध्या भुरट्या गुंडांवर प्रयोग करून त्यांचे सुपरव्हिलन बनवले जातात, सँडमॅन, ऱ्हायनो वगैरे. सुपरव्हिलन इतके येतात कुठून या प्रश्नाला इतकं व्यवहारी उत्तर मी दुसऱ्या कुठल्या सिरीजमध्ये बघितलेलं नाही. गँगला ते लागतात म्हणून, बस्स.

दोन, 1990 च्या दशकातली सुपरमॅनची सिरीज आणि त्यातली इंटरगँग. जॅक कर्बीने 1970 मध्ये कॉमिक्समध्ये आणलेली टोळी. म्होरक्या ब्रुनो मॅनहाइम हा अगदी साधा, जाडा, शहरी गुंड, ज्याला डार्कसाइड हा परग्रहावरचा हुकूमशहा तिथली हत्यारं पुरवतो आणि राजा करीन म्हणून सांगतो. मॅनहाइमला वाटतं आपण पार्टनर आहोत. काम झाल्यावर डार्कसाइड त्याला मरायला मागे सोडून जातो. गल्लीतला दादा मोठ्या दादापुढे किती लहान असतो ते दोन मिनिटांत दिसतं.

प्रश्न: मी स्वतः एक सुपरहिरो कॉमिक लिहितेय, व्हिलन म्हणून सहा जणांची गँग आहे. नावं, ड्रेस, पॉवर सगळं तयार आहे पण लिहायला बसले की सगळे सारखेच बोलतात. काय चुकतंय?

पॉवर आधी ठरवल्या, तिथे चुकलं असेल असं वाटतं. पॉवरमुळे माणूस वेगळा बोलत नाही. तो गँगमध्ये का आहे यामुळे वेगळा बोलतो.

सहाही जणांसाठी एकच प्रश्न घे: हा उद्या गँग सोडून गेला तर रात्री झोपणार कुठे? ज्याच्याकडे दुसरी जागा आहे तो उर्मट बोलेल, ज्याच्याकडे नाही तो प्रत्येक वाक्यात बॉसच्या तोंडाकडे बघेल, आणि जो दुसऱ्या कुणासाठी थांबलाय, म्हणजे लहान भाऊ आत आहे वगैरे, तो कमी बोलेल.

'टीन टायटन्स'मधली जिंक्स बघ. ती व्हिलनांच्या अकादमीत शिकलेली, गिझ्मो आणि मॅमथबरोबर फिरणारी. तिची पॉवर म्हणजे दुसऱ्यांचं नशीब खराब करणं, त्यामुळे तिला वाटतं आपण चांगल्या होऊच शकत नाही, आपण जिथे जातो तिथे वाईटच घडतं. 2005 च्या एका एपिसोडमध्ये किड फ्लॅश तिला एवढंच विचारत राहतो की हे सगळं तुला खरंच हवंय का. उपदेश नाही, मारामारीही फारशी नाही. आणि ज्या मोठ्या व्हिलनबाईला ती देव मानत होती ती समोर आल्यावर जिंक्सला कळतं की तिच्या लेखी आपण कुणीच नाही. मग ती निघते.

आणि पुन्हा मेलानीकडे येतो, माफ कर. दुसऱ्या सीझनमध्ये ती टेरीकडे येते, म्हणते जोकर्झने माझ्या आईबाबांना आणि भावाला पळवलंय, खंडणी हवीय. ती चोरी सोडायला निघालेली मुलगी पुन्हा चोरी करते, घरच्यांसाठी. आणि शेवटी कळतं की पळवापळवी वगैरे काही नव्हतीच, घरच्यांनीच रचलेलं नाटक, मुलगी अजून आपली आहे का हे बघायला. तिथे ती मोडते. तिथे ती घर सोडते. पुढे ती कुठेतरी सरळ मार्गाने नोकरी करून जगताना दिसते, कमी पगार, जास्त काम, आणि पुन्हा घरच्यांची सावली तिच्यापर्यंत पोचतेच.

बघ, या सगळ्यात एकही पॉवर नाही. बाप, आई, भाऊ आणि एक खोटी खंडणी, बस्स. तुझ्या सहा जणांपैकी घर सोडणारी कोण आहे ते आधी ठरव. तिला बाहेर पडताना कोण अडवेल, कोण नुसतं दार उघडं ठेवेल आणि कोण झोपेचं सोंग घेऊन पडून राहील, एवढं लिहिलंस की सहाही आवाज तुला वेगळे ऐकू येतील. ड्रेस नंतर. तो सीन लिहून झाला की पाठव, पुढच्या अंकाची बाकीची पत्रं बाजूला ठेवून तो आधी वाचेन.